डाव्या कोपऱ्यातली माळ

२३ ऑगस्ट २०१५, रविवार. दर्यापूर

ही डायरी बियाण्याच्या दुकानातून फुकट भेटली. दरवर्षी जानेवारीतच वाटून संपतात, पण यंदा कास्तकार दुकानात फिरकलेच नाहीत, म्हणून ऑगस्टातही गठ्ठा तसाच पडून होता. मालक म्हणे, "ने बशीरभाई, दोन ने." मी एकच आणली. कामाचं लिहून ठेवायची मले जुनी सवय हाय. कोणती वायर कुठून कुठं गेली हे माझ्या डोक्यात राहत नाही. नत्थुजीच्या डोक्यात राहते, पण तो सांगत नाही.

नत्थुजी म्हणजे माझा वायरमन. बावीस वर्षं झाली. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून 'जी'. गाव त्याचं तेल्हाऱ्याकडे, पण गणपती ते दिवाळी तो माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत राहते. घरी साडेतीन एकर कोरडवाहू. यंदा पावसानं अशी दडी मारली की शेतात काही उरलं नाही. त्याचं सगळं वर्ष आता या तीन महिन्यांच्या रोषणाईवर हाय. माझंही त्याहून फार वेगळं नाही.

बाजार चौकातल्या नवरात्र मंडळाचं काम भेटलं. सचिव केदार मास्तर, हायस्कूलवर भूगोल शिकवते. म्हणे, "जुने बल्ब नकोत, बशीरभाई. एलईडी पाहिजे. सेमाडोहला तीनदा गेलो, एकदाही वाघ दिसला नाही. तो या वर्षी आमच्या गेटवर चालताना दाखवा." मी म्हटलं, "दाखवतो. मेळघाटातला लाजला असंन, माझा लाजत नाही."

बांबू काढतानी एक सटकला आन त्याचं टोक डाव्या डोळ्यावर बसलं. दिवसा तारे दिसले. बायकोनं, शकीलानं, गुलाबपाणी टाकलं, वरून दहा गोष्टी ऐकवल्या. संध्याकाळपर्यंत लाल होता. आता बरा वाटते.

१९ सप्टेंबर, शनिवार

एलईडी म्हणजे दिसायले राणी आन वागायले सवत. जुना बल्ब बिचारा व्होल्टेज कमी झालं तं पिवळा पडे, पण चालवून घे. हिले काही खपत नाही, लगेच फडफडते.

काल पेठेतल्या गणपतीची सगळी कमान फडफडत होती. रस्त्यावरचे हसून राहिले. एक जण म्हणे, "काहून बशीरभाई, गणपतीले डोळा मारून राहिले का?" मले असा संताप आला की शिडीच फेकून मारावी. नत्थुजी उठला. बिडी विझवली, खांबापाशी गेला, मीटरपासून एकेक जोड बोटानं चाचपत आला आन चौथ्या जोडावर थांबला. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, ढिली होती. आवळली, कमान दगडासारखी स्थिर. खाली उतरून म्हणे, "फेज बोंबलते भाऊ, कयते. न्यूट्रल मुक्यानं मारते."

आमची जोडी अशीच हाय. तो हातानं ओळखते, मी डोळ्यानं. शंभर माळांत एक मिचकली तं मले चौकाच्या त्या टोकावरून कळते. "बशीरभाऊचा डोया चुकत नाई," असं तो गिऱ्हाइकाले सांगते. शाळेत गुरुजींनी मले छडीनं ळ शिकवला म्हणून मी डोळा लिहितो. नत्थुजीच्या तोंडी तो डोयाच.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

वाघाचं गेट उभं राहिलं. दिवेलागणीले चाचणी घेतली. वाघ चार पावलं चालते, मान वळवते, शेपूट हलवते. पोट्टे टाळ्या वाजवून राहिले.

पण डाव्या कोपऱ्यात, शेपटापाशी, एक माळ मिचकते. सरळ पाहिलं तं गुमान राहते. नजर दुसरीकडे वळवली की मिचकन् करते. चोरटी हाय. नत्थुजीले दाखवली. तो म्हणे मले नाही दिसत. मी म्हटलं, "तुमचं वय झालं." ती माळ बदलून टाकली.

४ ऑक्टोबर, रविवार

माळ बदलली तरी मिचकते. ड्रायव्हर बदलला, म्हणजे तो डबा जो एलईडीले सारखा करंट देते. नवा, खोक्यातून काढलेला. तरी मिचकते.

शेवटी गेटच्या मागं जाऊन पाहिलं. समोरून डावी ती मागून उजवी पाहिजे. पण मागूनही डावीच मिचकली! याचा अर्थ एकच, दोन्ही बाजूचे जोड कच्चे हायत. नत्थुजीले सांगितलं, सगळे जोड उकला आन पुन्हा करा. तो माझ्याकडे पाहतच राहिला. मंग पक्कड घेऊन चढला. दिवसभर उन्हात शिडीवर होता. जेवायलेही उतरला नाही. रागानं की कामानं, मले माहीत नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार

घरच्या ट्यूबलेही तोच रोग. स्वयंपाकघरात बसलो तं डावीकडे फडफड. म्हणजे नत्थुजीच्या जोडांसोबत लाइनही खराब दिसते. लाइनमन शेषरावले बोलावलं. त्यानं मीटर लावून दाखवलं, दोनशे तीसच्या खाली-वर काही नाही. मी म्हटलं, "मीटरले काय कळते?" तो म्हणे, "मंग कोनाले कयते भाऊ, तुमाले?" आन चहा पिऊन गेला.

चिलटं लय झाली यंदा. पाण्याचा थेंब नाही तरी कुठून येतात देव जाणे. डोळ्यासमोर काळी काळी फिरतात, हातानं हाकलली तं जात नाहीत. शकीलाले म्हटलं धूप जाळ. ती म्हणे, "कहां हैं मच्छर?" तिले काहीच दिसत नाही. या घरात डोळे फक्त मले दिले अल्लाहनं.

८ ऑक्टोबर, गुरुवार

आज नत्थुजीले काढून टाकलं.

झालं असं. घटस्थापना पाच दिवसांवर आन शेपूट अजून मिचकते. मी चौकात सगळ्यांसमोर म्हटलं की जोड कच्चे हायत. केदार मास्तरानं मोबाइल काढला. एलईडी फडफडत असंन तं मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकतात, हे मीच त्याले गणपतीत शिकवलं होतं. त्यानं गेटवर धरला. पट्टा नाही. शेपटावर धरला. पट्टा नाही. म्हणे, "स्वच्छ आहे, बशीरभाई."

मी म्हटलं, मोबाइलपेक्षा माझा डोळा जुना हाय.

तेव्हा नत्थुजी शिडीवरून उतरला, पक्कड खिशात टाकली आन मंडळाच्या आठ-दहा लोकांसमोर मले म्हणे, "आधी डोये दाखवा, भाऊ. मंग मले बोला."

लोक हसले. केदार मास्तरही हसला. बावीस वर्षांत माझ्या माणसानं मले असं चौकात उतरवलं नव्हतं. माझ्या डोक्यात जाळ झाला. मी म्हटलं, "नत्थू, हात गेला तुझा. थरथरते तो. म्हणून जोड कच्चे राहतात, आन तू मले शहाणपण शिकवते?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याले नुसतं नत्थू म्हटलं. तो आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहत राहिला. मंग खोलीतून पिशवी आणली आन अकोटच्या जीपमध्ये जाऊन बसला. मी थांब म्हटलं नाही. वाटलं, उद्या येईन.

घरी शकीलानं विचारलं, लवकर कसे आले. मी म्हटलं, "नत्थू सबके सामने मेरेकू आँखें दिखाने की बात किया."

ती ताडकन उठली. "आपकू आँखें दिखाया? बाईस साल इस घर की रोटी खाके?"

मी म्हटलं, हाव. तिनं त्याच्या नावानं काढलेला लोणच्याचा डबा परत फळीवर ठेवला.

१० ऑक्टोबर, शनिवार

नत्थुजी आला नाही. नको येऊ दे. दुसरे दोघं रोजानं घेतले. त्यांचे जोड पाहून रडू येते. नत्थुजी वायर अशी पिळे की टेप नाही लावली तरी सुटायची नाही. हे लिहितो कारण खरं हाय. पण म्हणून त्यानं काहीही बोलावं काय?

१३ ऑक्टोबर, मंगळवार

घट बसले. संध्याकाळी सहाले बटण दाबलं आन वाघ चालला. आजूबाजूच्या दहा गावांची माणसं आली होती, ट्रॅक्टरमध्ये बसून. यंदा सोयाबीनच्या शेंगा पोचट, कपाशी गुडघ्याएवढी. बाया काही विकत घेत नव्हत्या, नुसत्या गेटसमोर उभ्या राहून वाघ पाहत होत्या. एक म्हातारा तं तीन तास हलला नाही. सगळे म्हणतात, असं दर्यापुरात कधी झालं नाही.

मी मात्र शेपूटच पाहत होतो. म्हणजे पाहत नव्हतो. पाहिलं की ते थांबते ना. मी तोंड फिरवून उभा होतो आन ते मिचकत होतं.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

राहवलं नाही. ऐन गर्दीत सातले मेन बंद केला आन डाव्या बाजूची सगळी वायरिंग बदलायले काढली. म्हटलं अर्धा तास लागंन. लागला पाऊण. गावोगावची माणसं अंधारात उभी. लेकरं रडून राहिली.

केदार मास्तर शिडीखाली आला. तो कधी आवाज चढवत नाही, आजही नाही चढवला. म्हणे, "बशीरभाई, जे कुणालाच दिसत नाही ते तुम्हाला दिसतं. आणि वाघ बंद आहे हे सगळ्या गावाला दिसतंय, ते तुम्हाला दिसत नाही. आता दसऱ्यापर्यंत गेटला हात लावायचा नाही."

नवी वायरिंग. नवी माळ. नवा ड्रायव्हर. चालू केलं, वाघानं मान वळवली, आन डावीकडे मिचकन्.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टर हेमचंद्र यांच्या दवाखान्यावर दिवाळीच्या माळा टांगायच्या होत्या, आजच उरकलं. बसस्टँडजवळचा डोळ्याचा दवाखाना. अकोल्यापासून पेशंट येतात, भला माणूस हाय. काम झाल्यावर त्यांनी चहा मागवला. विचारलं, "काय बशीरभाई, चौकात म्हणे काही बिघडलं होतं?"

मी म्हटलं, "काय सांगू डॉक्टरसाहेब. डाव्या कोपऱ्यात फडफडते. पंधरा दिवस झाले. अंधार पडला की जास्त. सरळ पाहिलं तं नाही दिसत, नजर फिरवली की चमकते."

डॉक्टर पेशंटची चिठ्ठी लिहीत होते. म्हणाले, "मग बदलून टाका. तुम्ही त्यातले जाणकार."

"बदललं सगळं. तरी हाय."

"मग दोष मुळात लाइनमध्येच असणार. सणात नका हात घालू. दिवाळी झाली की सावकाश बघा."

मले लय बरं वाटलं. एवढा शिकलेला माणूस, आन माझ्याच मताचा निघाला. नत्थुजी असता तं त्याले ऐकवलं असतं.

१९ ऑक्टोबर, सोमवार

हे लिहावं की नाही कळत नाही.

साडेसातले लाइन गेली. लोडशेडिंगची वेळ नव्हती, कुठं तरी डीपी उडाली असंन. सगळं दर्यापूर एका झटक्यात काळं झालं. चौकात कोणाचा हात कोणाले दिसत नव्हता. वाघ गेला, कमान गेली, दुकानं गेली. लोक ओरडून राहिले, "बशीरभाई, जनरेटर!"

आन डाव्या कोपऱ्यात माळ मिचकतच होती.

मी मान उजवीकडे वळवली. ती सोबत आली. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतही मिचकन्, मिचकन्. मंग उजव्या डोळ्यावर हात ठेवला, होती. डाव्यावर ठेवला, होती. मेन बंद, लाइन बंद, गाव बंद, आन माझी माळ चालू.

मी गेटच्या बांबूले धरून उभा राहिलो. खरं सांगतो, पहिला विचार डोळ्याचा आला नाही. नत्थुजीच्या हाताचा आला. तो कसा उलटा-सुलटा करून पाहत होता.

जनरेटर कोणी चालू केलं मले आठवत नाही.

२० ऑक्टोबर, मंगळवार

नत्थुजीले सकाळपासून सहा वेळा फोन लावला. बंद लागते.

डॉक्टरकडे आज जायले पाहिजे. पण दोन दिवसांवर दसरा. रोषणाईवाल्याचा डोळा बिघडला हे एकदा गावात फुटलं की दिवाळीची कामं गेली समजा, पुढच्या वर्षीचीही गेली. जातानी कोणी ना कोणी पाहीनच, दवाखाना पडला बसस्टँडवर. थकव्यानंही होत असंन. दसरा झाला की दोन्ही कामं करतो, डॉक्टर आन तेल्हारा. दोन-चार दिवसांनी काय आभाळ कोसळते? शकीलाले सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल सोनं वाटून झालं. आज सकाळी उठलो तं डावीकडून पडदा पडलेला. मांडवाची कनात अर्धी सुटून लोंबते तसा. आधी वाटलं डोळ्यात काही गेलं. धुतला, चोळला. पडदा तिथंच. दुपारपर्यंत नाकापर्यंत आला.

शकीला डावीकडून चहा घेऊन आली. मले ती दिसलीच नाही. माझा हात लागून कप तिच्या अंगावर सांडला. ती ओरडली नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मंग आपली दोन बोटं माझ्या डाव्या बाजूले हलवली आन विचारलं, "ये दिख रा?"

मी म्हटलं, क्या?

ती खाली बसली. सगळं विचारून घेतलं. मिचकणं, चिलटं, अंधार, सगळं. मी नत्थुजीचं बोलणंही पुन्हा सांगितलं, या वेळी त्याच्याच शब्दांत, जसंच्या तसं. आधी डोये दाखवा, भाऊ.

तिनं ते शब्द पुटपुटून पाहिले. मंग म्हणे, "डॉक्टर को दिखाने बोला था वो?"

मी म्हटलं, हाव.

"और मैं समझी आँखें दिखाया. धमकाया करके समझी मैं." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आपने बताया तो ढंग से बताना था ना! मैं उसी दिन हाथ पकड के ले जाती आपकू."

घरी आम्ही एक बोली बोलतो, बाजारात दुसरी. आजवर त्यानं कधी काही बिघडलं नव्हतं. पण तिच्यावर ढकलून काय उपयोग? तिनं चुकीचं ऐकलं, मी तं नीट ऐकलं होतं. नीट ऐकून टोमणा समजलो.

२४ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टर हेमचंद्रांनी डोळ्यात थेंब टाकले, डोक्याले दिवा बांधून लय वेळ पाहिलं. मंग विचारलं, "किती दिवसांपासून चमकत होतं?"

मी म्हटलं, "साहेब, तुमाले सांगितलं होतं ना. डाव्या कोपऱ्यात फडफडते म्हणून."

त्यांनी दिवा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्याकडे मले पाहवेना. "मला वाटलं, तुम्ही माळेबद्दल बोलताय," ते म्हणाले.

"मलेही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं.

डोळ्याचा पडदा सुटला. बांबूच्या मारानं चीर पडली असंन, आन त्या चिरेतून उकलत गेला. त्यांनी बाहेरचे पेशंट परत पाठवले आन स्वतःच्या गाडीत घालून आमाले अमरावतीले नेलं. अमरावतीत पडद्याचे मोठे डॉक्टर हायत. ते म्हणे, नुसती चीर होती तेव्हा आला असतात तर लेझरनं टाके घातल्यासारखं बंद केलं असतं, पंधरा मिनिटांचं काम. सोमवारीसुद्धा आला असतात तरी बरंच वाचलं असतं.

सोमवारी म्हणजे एकोणीस तारीख. त्याच रात्री लाइन गेली होती.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले. डोळ्यात हवा भरली होती म्हणून दिवसरात्र पालथं पडून राहायचं होतं. काल लक्ष्मीपूजन झालं. आमच्या गल्लीतही फटाके वाजले, कमी. चौकातली रोषणाई अकोल्याच्या माणसानं केली. शकीला पाहून आली. मी विचारलं, फडफडत होती का? ती म्हणे, "नहीं जी." मले वाटते खोटं बोलली. किंवा खरं. तिच्या बोलण्यावरून मले आता कळत नाही.

डाव्या डोळ्यानं उजेड आन अंधार एवढंच कळते. अमरावतीचे डॉक्टर म्हणे, एवढंच राहीन.

केदार मास्तर येऊन गेला. खुर्चीवर बसून त्यानं दोनदा चष्मा पुसला. म्हणे, "मी हसलो होतो त्या दिवशी. नत्थुजी बोलला तेव्हा." मी म्हटलं, सगळेच हसले होते, मास्तर. तुम्ही एकटे काहून घेता?

२९ नोव्हेंबर, रविवार

आज तेल्हाऱ्याले जाऊन आलो. शकीला सोबत होती. लोणच्याचा डबा तिनं मांडीवर धरून नेला. अकोटले बस बदलली. सगळ्या रस्त्यानं कपाशी वाळलेली, बोंडं बोराएवढी. माझ्या डाव्या हाताची खिडकी मले काळी होती, तिकडचं शकीला सांगत होती.

नत्थुजी घरी नव्हता. त्याची बायको रुख्मिणी म्हणे, कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर बसते चौकीदार म्हणून, येईन एवढ्यात. तिनं पाणी दिलं. दाराजवळ विजेच्या बटणांचा नवा बोर्ड होता, वाकडा बसवलेला. मी एका डोळ्यानंही ते पाहिलं आन म्हटलं, "हा नत्थुजीचा हात नाही."

"गावातल्या पोट्ट्याकून बसवून घेतला," ती म्हणे. "हे हात लावत नाईत. दर्यापुराऊन आले तवापासून वायरले शिवले नाईत. चाहाचा कप धरला तरी हाताकडेच पायत रायतात. मी म्हणलं काय झालं, तं म्हणे, बशीरभाऊचा डोया चुकत नाई. त्यायले दिसलं असंन."

शकीलानं तोंडावर पदर धरला. दिलेलं पाणी मी तसंच धरून बसलो होतो.

नत्थुजी आला. दारातच थांबला. आधी शकीलाले रामराम केला, मंग माझ्याकडे पाहिलं. जवळ येऊन माझ्या डाव्या बाजूले उभा राहिला, मंग फिरून उजव्या बाजूले आला आन समोर बसला. त्याले कळलं होतं.

मी म्हटलं, "नत्थुजी, फॉल्ट माझ्या डोळ्यात होता. तुमचे जोड पक्के होते. एकही कच्चा नव्हता."

"सांगतलं होतं तुमाले."

"मी टोमणा समजलो."

"टोमना मारनारा मानूस हाय का मी? हप्ताभर पायत होतो. माय इकडे लटकलेली, आन तुमी मान वाकडी करून तिकडे पायता. मागून पायलं तरी डावीच म्हनता. मले तवाच भेव वाटलं. शिवी द्याची असती तं सरयच देल्ली असती."

त्याच्या तोंडी माळेची माय होते. एरवी मी हसलो असतो.

मी हात जोडले. म्हटलं चला. येत्या महिन्यात ईद-ए-मिलादची कमान हाय, मले एका डोळ्यानं होणार नाही. तुम्ही मालक व्हा, मी तुमच्या हाताखाली शिडी धरतो. हे मी खरंच म्हटलं, मनापासून.

त्यानं माझे जोडलेले हात खाली केले. मंग म्हणे, "येनं होत नाई, भाऊ. तुमचा डोया गेला तवा कुठं मी खरा ठरलो. असा खरा ठरून चौकात कसा उभा राहू?"

"मी सगळ्यांले सांगतो ना. केदार मास्तरालेही सांगितलं."

"थे जाऊ द्या." त्यानं उजवा हात पुढं केला, पंजा पसरून, माझ्या उजव्या डोळ्यासमोर. "हे पाहा."

हात थरथरत होता. थोडा नाही, चांगलाच. चहाचा कप धरला तं सांडंन एवढा.

"तुमी म्हनलं तवा नव्हता थरथरत," नत्थुजी म्हणे.

रुख्मिणीनं चहा केला. तो आम्ही प्यालो. नत्थुजीनं कप दोन्ही हातांनी धरला होता. शकीलानं डबा रुख्मिणीजवळ दिला, तिनं घेतला.

साडेचारची बस होती. नत्थुजी सोडायले आला. रस्ता अरुंद, जिनिंगचे ट्रक ये-जा करत होते. तो पूर्ण वाट माझ्या डाव्या बाजूनं चालला. मले तो दिसत नव्हता, नुसता चपलांचा आवाज येत होता. एका जागी त्यानं माझं कोपर धरून मले आत ओढलं, एक ट्रक अगदी जवळून गेला, आन त्यानं कोपर सोडून दिलं.

बस आली तेव्हा मी मान पूर्ण वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो जिनिंगच्या फाटकाकडे निघाला होता. हात खिशात होता.